तेल गप्प होतं तेव्हा

गार तेलात कांदा सोडून खाली बारीक आच ठेवली, की पहिली पाच-सात मिनिटं काहीच घडत नाही. आपण झारा घेऊन उभे, आणि कांद्याच्या फाका तळाशी निवांत पडलेल्या. जणू त्यांना पोहायला आणलंय आणि शिकवणारा अजून आलेला नाही. मग कडेच्या एखाद्या फाकेपाशी एक बुडबुडा वर येतो. थोड्या वेळाने दुसरा. मग एकाएकी सगळी कढई कुजबुजायला लागते. बुवा कीर्तनाला उभे राहायच्या आधी मांडवात असते ना, तशी कुजबुज.

मी वाढले त्या घरात तेलाला कुजबुजायची मुभा नव्हती. अमरावतीच्या आमच्या स्वयंपाकघरात तेल एकदाच बोलायचं आणि मोठ्यानं बोलायचं. आईचं एक लोखंडी कढलं होतं, लांब दांड्याचं, बाहेरून काजळासारखं काळं. त्यात पळीभर तेल. ते तापलंय की नाही हे ती मोहरीच्या एका दाण्याला विचारायची. तो तडकला की मग बाकीची चिमूट. मोहरीचा दंगा ओसरत आला की जिरं, जिऱ्यामागे हिंग, मग कढीपत्ता, हळद, आणि कढलं खाली उतरवल्यावर तिखट, कारण तिखट सगळ्यांत आधी करपतं. कढीपत्त्याची पानं नुकतीच धुतलेली असायची, त्यामुळे ती पडली की आई अर्धं पाऊल मागे सरायची आणि आम्ही पोरं दोन. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशेपट जागा मागते हे पुढे शाळेत कळलं, तेव्हा त्या पानांचा त्रागा समजला. आणि शेवटी ते कढलं तसंच्या तसं वरणाच्या पातेल्यात पालथं. चर्र! त्या आवाजावर वडील वर्तमानपत्राची घडी घालायचे. कोणाला ‘जेवायला चला’ म्हणून हाक मारल्याचं मला आठवत नाही.

तर अशा घरातली मी, पुण्याच्या फ्लॅटमध्ये पाऊण तास कढईपुढे उभी राहून तेलात भाज्या मुरवते आणि ते तेल बाटलीत भरून ठेवते, हे आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “काय वं, फोडणी कोणी शिशीत भरून ठेवते काय? शिळी फोडणी!”

मला हे वेड लावलं माझ्या मुलीनं. ती शिकायला परदेशी गेली आणि तिची खोलीतली सोबतीण निघाली शांघायची. तिकडे पातीचा कांदा तेलात मंद मंद तळतात, पात तपकिरी होऊन चुरचुरीत झाली की त्यात सोया सॉस आणि साखर घालतात आणि ते उकडलेल्या नूडल्सवर ओततात. झालं जेवण. वर ना भाजी, ना आमटी. मुलीनं व्हिडिओ कॉलवर ताटली दाखवली तेव्हा मी अगदी आईसारखंच म्हणाले, “एवढंच?” आणि ती म्हणाली, “आई, तू तेलाचा वास घेऊ शकत असतीस ना, तर असं म्हणाली नसतीस.”

तेव्हा मी करून पाहिलं. पहिल्यांदा केलं ते जाळलं. अगदी शेवटच्या दोन मिनिटांत दारावर कुरिअरवाला आला, त्याच्याकडे सुट्टे नव्हते, माझ्याकडे नव्हते, आणि परत येईपर्यंत कांदा कोळसा. अर्धा लिटर तेल कडूजहर. या तेलाचं सगळं मरण शेवटच्या दोन मिनिटांत आहे, आणि त्यामागे कारण आहे. कांद्यात दहातले जवळजवळ नऊ भाग पाणी. ते पाणी आहे तोवर भोवतालचं तेल कितीही तापो, कांद्याचा जीव शंभर अंशांच्या आसपास घोटाळतो. तो मऊ होतो, पारदर्शक होतो, पण रंग धरत नाही. पाणी संपलं की मात्र त्याला आवरणारं कोणी उरत नाही. चाळीस मिनिटं ज्यानं काही केलं नाही तो दोन मिनिटांत बदामी, मग तांबूस, मग काळा. म्हणून फिकट बदामी दिसला की गॅस बंद करून कढई उतरवायची. पुढचा रंग तेलातली उरलेली धग देते.

आता माझा हात बसला आहे. अर्धा लिटर तेल, तीन कांदे, पातीची एक जुडी, एक गाजर, बोटभर आलं, आणि कोथिंबिरीच्या मुळांसकट काड्या. या काड्या आपण एरवी टाकून देतो, खरा वास तर त्यांच्यात. सगळं धुऊन पंचावर पसरून अगदी कोरडं करायचं. नाहीतर तेल अंगावर येतं. लसूण घालायचा तर सर्वांत शेवटी, कारण त्याला पाणी कमी आणि घाई फार. तेल कोणतं, यावर माझं आणि माझंच भांडण आहे. आमच्या गल्लीत आता दोन लाकडी घाणे आहेत; तिथलं शेंगदाण्याचं तेल बाटली उघडताच भाजलेल्या दाण्यांसारखं दरवळतं. पण ते तेल स्वतःच इतकं बोलकं की कांद्याला बोलू देत नाही. कांद्यासाठी मला रिफाइंड बरं वाटतं. बिनवासाचं, बिनचवीचं, ज्याला आजी ‘मुकं तेल’ म्हणायची. ऐकून घ्यायला कोणीतरी मुकं लागतंच. लसणाला मात्र घाण्याचंच हवं, तिथे दोघे तुल्यबळ.

बीटचीही एक फजिती सांगते. लाल तेल करावं म्हणून मी एकदा बीट किसून घातलं. तळहात लाल, ओटा लाल, विळी लाल, आणि अर्ध्या तासानं तेल जसंच्या तसं पिवळं. बीटचा रंग पाण्यात विरघळणारा, तेलात त्याला कोणी ओळख देत नाही. गाजर याच्या उलट. पाण्यात उकळा, पाणी जेमतेम पिवळसर होईल. पण तेलात टाका, ते आपला सगळा केशरीपणा बिनतक्रार देऊन मोकळं होतं. मिरचीचा लाल आणि हळदीचा पिवळा त्याच जातीचे. म्हणून तर नागपूरकडे पोह्यांवर ओततात त्या रश्श्यावर लालभडक तर्री तरंगते आणि खाली रस्सा मळकट राहतो. ‘तर्री वरून मारा’ म्हणणाऱ्याला नेमकं ठाऊक असतं की मिरची कुठे राहायला गेली आहे.

तर ती कुजबुज. मी तिच्यासाठीच उभी असते. सुरुवातीला बुडबुडे मोठे, आवाज घोळदार, खळखळता. वीसेक मिनिटांनी बुडबुडे बारीक होतात आणि आवाज वरच्या पट्टीत जातो, पत्र्यावर रिमझिम पडावी तसा. वास याच सुमाराला जिन्यात उतरतो. खालच्या मजल्यावरच्या वहिनी पहिल्या खेपेला पाहुण्यांची चौकशी करायला वर आल्या होत्या. आता नुसता वाडगा पाठवतात. मग रिमझिमही विरळ होते. एक क्षण असा येतो की कढईत भाज्या आहेत, खाली आच आहे, तेल गरम आहे, आणि आवाज नाही. पाणी संपलेलं असतं.

फोडणी झाली हे ती बोलली की कळतं. हे तेल झालं हे ते गप्प झालं की कळतं.

ही खूण आपण शोधून काढली असं मला उगीच वाटत होतं. मग एकदा असंच ऐकत उभी असताना परसातली चूल आठवली. आजी वर्षातून दोनदा डोक्याचं तेल कढवायची. खोबरेल, त्यात माक्याचा रस, जास्वंदीची फुलं, कढीपत्ता, मूठभर मेथ्या. आम्हा नातींना तिथे बसवायची, राखणीला. काम एकच, कान देऊन बसायचं. “तेल बोलायचं थांबलं की हाक मार,” एवढं सांगून ती दळणाकडे वळायची. मी आठ-नऊ वर्षांची असेन. मला ते काम भयंकर कंटाळवाणं वाटायचं, आणि नेमकं तेल थांबायच्या वेळी माझं लक्ष चिमण्यांत असायचं. पण आजीचं असायचं. तिकडून, जात्याच्या घरघरीतून, ती ओरडायची, “उतरव!”

गंमत म्हणजे आजीनं कधी नाव ऐकलं नसेल त्या आयुर्वेदातल्या शार्ङ्गधरसंहितेत हीच खूण लिहून ठेवली आहे. एक भाग कल्क, म्हणजे वाटलेली वनस्पती, चार भाग तेल, सोळा भाग रस किंवा काढा, आणि सगळं पाणी आटेपर्यंत मंद पाक. कल्काची बोटांत वात वळता आली आणि ती विस्तवात टाकल्यावर आवाज न करता जळली, की तेल सिद्ध झालं. तेल असेल तर त्यावर फेस येतो, तूप असेल तर आलेला फेस निवतो, असा बारकावाही त्यात आहे. ज्यानं हे लिहिलं तोही कधीतरी असाच कान देऊन बसला असणार, आणि त्याचंही लक्ष चिमण्यांकडे गेलं असणार, असं मला आपलं वाटतं.

म्हणजे आमच्या घरात तेलात वनस्पती मुरवून ती शिशीत भरून ठेवायची रीत होती. फक्त ती डोक्यावर होती, ताटात नव्हती. बाळाच्या छातीला चोळायला ओवा-लसणाचं तेल व्हायचं, तेही शिशीतच असायचं, पण वाटीभराच्या वर कधी नाही.

हे आईला पुढच्या फोनवर मोठ्या विजयानं सांगितलं. तिच्यावर काही परिणाम झाला नाही. “ते लावायचं, हे खायचं,” म्हणाली, आणि विषय संपवला. फोन ठेवल्यावर मला आठवलं की ताटातलंसुद्धा होतं! गोळाभात. हरभरा डाळीच्या भरड्यात हळद, तिखट, मीठ आणि तेलाचं मोहन घालून वळलेले गोळे, ते भाताबरोबर वाफवलेले. बाजूला चिंचेचं सार, आणि पंगतीत फिरणारी एक वाटी. त्या वाटीत मोहरी-हिंगाचं, सुक्या लाल मिरच्या तळलेलं तेल. गोळा हातानं भातात कुस्करायचा आणि वर ते तेल, चमच्यानं नाही, पळीनं. घसा कोरडा पडू नये म्हणून म्हणायचे, पण खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. ते तेल बसायच्या आधी करून ठेवलेलं असायचं. जेवताना ते कोमटही नसायचं. उरलं तर दुसऱ्या दिवशी पिठल्यात जायचं, आणि ते पिठलं काय लागायचं! ती शिळी फोडणीच होती की. मी मुद्दाम फोन केला नाही. काही खटले जिंकून काही मिळत नाही.

शिवाय एका बाबतीत आई नकळत बरोबर होती, आणि ते इथे नीट सांगायला हवं. माझी भीड नको, तुमचीही नको. लसूण जमिनीत वाढतो. त्याच्यासोबत मातीतले काही जंतू सुप्त बीजाणूंच्या रूपात येतात. नुसत्या उकळीनं ते मरत नाहीत. त्यांना वाढायला हवा नको असते, आंबटपणा नको असतो, आणि थोडी ओल लागते. लसणाची पाकळी तेलात बुडवून बरणी ओट्यावर ठेवली, की तिन्ही गोष्टी आपण स्वतः मांडून दिल्या. त्यातून जे विष तयार होतं त्याला रंग नसतो, वास नसतो. तेल अगदी छान दिसतं. 1985 साली कॅनडात व्हँकुव्हरच्या एका हॉटेलात तेलात ठेवलेल्या चिरलेल्या लसणामुळे 36 जणांना बोटुलिझम, म्हणजे याच विषाची बाधा, झाला. त्या बाटल्या फ्रिजमध्ये नव्हत्या, एवढंच. 1989 मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात किंग्स्टनला पुन्हा तिघांना झाला, तेव्हा कुठे तिथल्या सरकारनं विकाऊ लसूण-तेलात आम्ल घालायची सक्ती केली.

हे वाचलं तेव्हा पहिला विचार आला तो लोणच्याचा. कैरीच्या फोडींवर चार बोटं तेल चढवून बरणीला दादरा बांधला की वर्ष निर्धास्त, असं लहानपणापासून बघत आले. राखण तेल करतं असंच समजत होते. तेल वरचं दार लावतं, हे खरं. पण आत पहारा करतात ती कैरीची आंबटाई आणि मीठ. आजीनं लसणाच्या लोणच्यात लिंबू पिळायला कधी विसरू दिलं नाही. ‘चव येते’ म्हणायची.

तेव्हा माझं लसणाचं तेल मी गाळते, चोथ्याचा कण राहू देत नाही, निवलं की लगेच फ्रिजमध्ये ठेवते आणि चार दिवसांत संपवते. नाही संपलं तर ओतून देते, आणि ते ओतताना माझ्यातली वऱ्हाडी बाई रडते. कांद्या-गाजराच्या तेलालाही हाच नियम. त्यामुळे हल्ली अर्धा लिटर करतच नाही, पेलाभर करते. फ्रिजमध्ये शेंगदाण्याचं तेल धुकं पडल्यासारखं पांढुरकं होतं. पहिल्यांदा मला वाटलं बिघडलं. बाटली ओट्यावर ठेवली तर भाजी चिरून होईपर्यंत धुकं उतरलं.

आणि तो चोथा! गाळणीत उरलेला, खरपूस, मूठभर. अर्धा किलो भाज्यांचं एवढंच उरतं. त्यावर मीठ भुरभुरायचं, ज्वारीची गरम भाकरी घ्यायची, आणि ओट्याशी उभ्यानंच खायचं. ताटात वाढून तो तसा लागत नाही. नवऱ्याला हे अजून मी कळू दिलेलं नाही.

या थंडीत आई महिनाभर राहायला आली. आता तिला नीट ऐकू येत नाही. कानाचं यंत्र आहे, पण स्वयंपाकघरात शिरताना ती ते काढून चष्म्याच्या डबीत ठेवते. यंत्रातून मोहरी तडतडली की कानात लवंगी फटाके वाजतात म्हणते. मग तिची फोडणी कशी होते ते मी बघत राहिले. ती वाकून बघते. दाणे उड्या मारताहेत की बसलेत, हिंगाचा फुगा किती चढला, पान कडेनं वळलं की नाही, सगळं डोळ्यांनी. कढीपत्ता टाकून ती आजही अर्धं पाऊल मागे सरते. पण चर्र झालं की पूर्वी तिच्या चेहऱ्यावर जे यायचं, काहीतरी हातावेगळं केल्यासारखं, ते येत नाही. पातेल्यावर झाकण ठेवते आणि माझ्याकडे बघते. मी मान हलवते.

शिशीकडे तिनं पहिले पंधरा दिवस ढुंकून पाहिलं नाही. सोळाव्या दिवशी दुपारी मी बाहेरून आले तर जिन्यातच वास. आत आई ओट्यापाशी, समोर माझी कढई, बारीक आच. कांदा, आलं, कोथिंबिरीच्या काड्या. गाजर नव्हतं, तिला ते पटलेलं नसणार. तेल सुरात कुजबुजत होतं आणि ती कढईवर वाकून बुडबुडे बघत होती. रात्री गोळाभात करायचाय, म्हणाली.

मी पिशवी खाली ठेवली आणि शेजारी जाऊन उभी राहिले. बुडबुडे बारीक झाले होते. बारीक बुडबुड्यांत आणि नुसत्या थरथरत्या तेलात डोळ्यांना फरक कळत नाही, तो कानानंच कळतो. तिनं मान वर केली.

“थांबलं काय वं?”

“नाही अजून,” मी जरा मोठ्यानं म्हणाले.

तिनं गॅस आणखी बारीक केला. खिडकीच्या गजावर चिमण्या येऊन बसल्या होत्या.

“आता?”

“थोडं आहे,” मी म्हणाले. “थांब.”